विकता न येणारा संघ

अमेरिकेच्या उत्तर भागात, मिशिगन सरोवराचा एक लांबट फाटा जेथे संपतो आणि फॉक्स नदी जेथे त्याला येऊन मिळते, त्या ठिकाणी ग्रीन बे नावाचे एक नगर आहे. विस्कॉन्सिन राज्यातील या नगराची वस्ती एक लाखाहून थोडीशीच अधिक. कागदाचे कारखाने, दूधदुभत्याचा व्यापार आणि मांस डबाबंद करण्याचा धंदा ही तेथील उपजीविकेची जुनी साधने. आणि हिवाळा असा कडक की पारा शून्याखाली उतरला तर त्याची कोणी दखलही घेत नाही. तरीही न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस, डॅलस अशा महानगरांच्या पंक्तीत बसून, ३२ संघांच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये या नगराचा ‘पॅकर्स’ हा संघ १९२१ पासून अखंड खेळत आला आहे, आणि अजिंक्यपदाचा मान त्याने १३ वेळा, म्हणजे अन्य कोणत्याही संघापेक्षा अधिक वेळा, मिळविला आहे.

येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. कोल्हापूरच्या तालमींनी ज्या फुटबॉलवर जीव टाकला तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लंबगोल असतो, तो बहुतांशी हातांनीच फेकला व काखोटीला मारून पळविला जातो, पायाचा संबंध क्वचितच येतो. शिरस्त्राणे आणि खांद्यांवर जाड कवचे चढविलेले अकरा-अकरा गडी शंभर यार्डांच्या मैदानावर एकमेकांना अक्षरशः आडवे करीत वीतवीत जमीन जिंकत जातात. खेळाच्या नियमांत याहून खोल शिरण्याचे प्रयोजन नाही. ज्या नगरात गिऱ्हाईक थोडे, दूरचित्रवाणीचे प्रेक्षक थोडे आणि मोठे व्यापारी त्याहून थोडे, अशा नगराने कोट्यवधींच्या उलाढालीचा संघ स्वतःकडे ठेवावा, हे न्याय्य आहे काय, एवढाच आपल्यापुढील प्रश्न आहे.

व्यवहारी मनुष्याचा आक्षेप प्रथम ऐकून घेतला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. तो म्हणतो की धंदेवाईक संघ हे काही देवस्थान नव्हे. जेथे प्रेक्षक अधिक तेथे त्याने जावे, जसा व्यापारी मोठ्या बाजारपेठेत दुकान हलवितो. लहान गावातल्या माणसांचे प्रेम खरे असले तरी प्रेमाने खेळाडूंचे पगार भागत नाहीत. या युक्तिवादात एकच गोष्ट सोयीस्करपणे विसरलेली असते. दुकानदार एकटा माल विकू शकतो; संघाला ते शक्य नाही. सामना ही वस्तूच अशी आहे की ती निर्माण करण्यासाठी समोर दुसरा, शक्यतो तुल्यबळ, संघ लागतो, आणि न्यूयॉर्कच्या संघाला न्यूयॉर्कमध्ये जे दाम मिळते त्यातील काही हिस्सा ग्रीन बेने समोर उभे राहून कमावून दिलेला असतो. शिवाय संघाचे जे नाव आज बाजारात मोठ्या किमतीला विकले जाते, ते ज्या दिवसांत कवडीमोल होते त्या दिवसांत ते कोणी सांभाळले, हा प्रश्न उरतोच. आणि तो विचारताच ग्रीन बेचे दप्तर उघडावे लागते.

११ ऑगस्ट १९१९ रोजी ‘ग्रीन बे प्रेस-गॅझेट’ या स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत जमलेल्या काही तरुणांनी हा संघ स्थापन केला. त्यांतले प्रमुख दोघे: त्याच वृत्तपत्रात काम करणारा जॉर्ज कॅल्हून, आणि आजारपणामुळे महाविद्यालय सोडून घरी परतलेला कर्ली लँबो. लँबो ‘इंडियन पॅकिंग कंपनी’ या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कारकुनी करीत होता. कंपनीने गणवेशांसाठी पैसे दिले आणि त्या उपकाराची खूण म्हणून संघ ‘पॅकर्स’ झाला. पहिल्या दिवसांत मैदानाला कुंपण नव्हते, तिकीट नव्हते. कॅल्हून प्रेक्षकांत टोपी फिरवी आणि पडेल ते दान गोळा करी. अशा संघाचे दिवाळे निघणे हे ओघानेच आले. ते निघण्याची वेळ येताच १९२३ मध्ये गावातील व्यापाऱ्यांनी व वृत्तपत्राच्या चालकांनी एक विना-नफा मंडळ स्थापन केले आणि पाच-पाच डॉलरचे एक हजार भाग विक्रीस काढले. त्यातही गंमत अशी की भाग घेणाऱ्याने हंगामाची निदान सहा तिकिटेही विकत घ्यावीत अशी अट होती. म्हणजे मालक होण्यासाठी आधी गिऱ्हाईक व्हावे लागे.

पुढे एक प्रेक्षक बाकावरून खाली पडला, त्याने फिर्याद केली, न्यायालयाने ५,००० डॉलरची भरपाई फर्माविली, विमा कंपनी स्वतःच बुडालेली निघाली आणि संघाचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेला. तेव्हा १९३५ मध्ये गावाने पुन्हा हात खिशात घातला. १९४९च्या अखेरीस पुन्हा तीच अवस्था. १९५० मध्ये २५ डॉलरचा भाग ठेवून जी विक्री झाली तिच्यातून १,१८,००० डॉलरहून अधिक रक्कम जमली. या विक्रीची एक हकिकत संघाच्या इतिहासात सांगितली जाते. जवळच्या राइट्सटाउन खेड्यातील एका शेतावरून एक बाई संघाच्या कचेरीत आली. तिच्या हातात काड्यापेटीचे खोके होते आणि त्यात २५ डॉलर, सगळे पावलीच्या नाण्यांत. दूध-अंड्यांच्या विक्रीतून की कशातून तिने ते साठविले असतील, हे इतिहास सांगत नाही. परंतु ज्याला भांडवल म्हणतात त्याचे इतके प्रामाणिक रूप अर्थशास्त्राच्या ग्रंथात सहसा आढळत नाही.

हा सगळा प्रकार मराठी वाचकाला अगदीच अपरिचित वाटू नये. त्याच १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी भाग भरून साखर कारखाना उभा केला, तो याच जातीचा उद्योग होता. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की साखर कारखान्याच्या सभासदाला उसाला भाव मिळतो. ग्रीन बेच्या भागधारकाला काहीही मिळत नाही. त्याला लाभांश नाही. त्याच्या भागाची किंमत वाढत नाही, आणि तो बाजारात विकताही येत नाही. तिकिटांत सवलत नाही, मैदानावर राखीव जागा नाही. २ लाखांहून अधिक भाग कोणा एकाला घेता येत नाहीत, त्यामुळे एखाद्या धनिकाने हळूहळू सगळे गिळंकृत करण्याची वाटही बंद आहे. भागधारकाच्या पदरात पडते ते एक छापील प्रमाणपत्र, जे बहुधा चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगले जाते, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेस हजर राहण्याचा हक्क. जुलैच्या त्या सभेत, मैदानाच्याच बाकांवर बसून, हजारो लोक संघाचा ताळेबंद ऐकतात; संपूर्ण लीगमध्ये जमाखर्च असा उघड्यावर मांडणारा हा एकच संघ आहे, आणि इतर मालकांच्या झाकल्या मुठीचा अंदाजही अभ्यासक याच ताळेबंदावरून बांधतात. अखेरची भागविक्री २०२१-२२ मध्ये झाली, दर ३०० डॉलर; आजमितीस भागधारकांची संख्या ५ लाखांच्या वर, म्हणजे नगराच्या वस्तीच्या पाचपट आहे.

मात्र या मंडळाच्या घटनेतील सर्वांत चतुर कलम वेगळेच आहे. संघ कधी मोडीत काढून विकला गेला, तर येणाऱ्या पैशावर भागधारकांचा काडीइतकाही हक्क नाही, असे संस्थापकांनी लिहून ठेवले. ती रक्कम प्रथम महायुद्धातील माजी सैनिकांच्या स्थानिक संघटनेकडे जावी आणि तिच्यातून सैनिकांचे स्मारक उभारावे, अशी तरतूद होती. १९९७ मध्ये तिच्यात बदल होऊन आता ती रक्कम संघाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडे जाईल. अब्जावधी डॉलर किमतीचा हा संघ विकावा असा मोह कोणाला झालाच, तर त्या विक्रीतून ज्याचे घर भरेल असा एकही मनुष्य जगात नाही. सद्गुणांवर भिस्त न ठेवता लोभालाच निरुपयोगी करून ठेवणारी ही योजना ज्यांनी आखली, त्यांना मनुष्यस्वभावाची पारख चांगलीच होती, असे म्हणावे लागते.

सामन्याच्या दिवशीचे ग्रीन बे पाहण्यासारखे असते. मैदान नगराबाहेरच्या माळावर नसून साध्या बैठ्या घरांच्या वस्तीत आहे. आसपासचे घरमालक आपल्या अंगणातील हिरवळीवर मोटारी उभ्या करू देतात आणि भाडे रोख घेतात. आत ८१,००० हून अधिक लोक बसतात, त्यांतील पुष्कळसे पाठ टेकायलाही सोय नसलेल्या धातूच्या लांबच लांब बाकांवर, डोक्यावर चीजच्या तुकड्याच्या आकाराची पिवळी फोमची टोपी घालून. आदल्या रात्री बर्फ पडला असेल तर संघ गावात जाहीर करतो, आणि पहाटे फावडी घेऊन शेकडो नागरिक तासाच्या मजुरीवर बाके मोकळी करायला येतात. उन्हाळी सरावाच्या दिवसांत आणखी एक प्रथा दिसते: गावातील मुले आपल्या सायकली घेऊन रांगेत उभी राहतात, आणि सव्वाशे किलो वजनाचा खेळाडू एखाद्या दहा वर्षांच्या पोराच्या लहानग्या सायकलवर बसून सरावाच्या मैदानाकडे जातो, पोर त्याचे शिरस्त्राण छातीशी धरून शेजारून धावत असते. हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत १,४०,००० हून अधिक नावे आहेत. लोक तान्ह्या मुलांची नावे तिच्यात घालतात, आणि ज्यांच्याकडे तिकिटे आहेत ते ती घरातील दागिन्यांप्रमाणे मृत्युपत्रात नोंदवितात.

३१ डिसेंबर १९६७ रोजी याच मैदानावर डॅलसविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना झाला तेव्हा तापमान शून्याखाली २५ अंश सेल्सियस होते. प्रशिक्षक व्हिन्स लोंबार्डी यांनी हिरवळीखाली विजेच्या तारांची ऊब बसवून घेतली होती, तिने नेमका त्याच दिवशी दगा दिला. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या, तेव्हा त्यांनी शिट्ट्या बाजूला ठेवून तोंडी आज्ञांवर सामना चालविला. अवघी १६ सेकंदे शिल्लक असता पॅकर्सचा खेळाडू बार्ट स्टार चेंडू घेऊन स्वतःच गोलरेषेपलीकडे घुसला आणि पॅकर्स २१-१७ असे जिंकले. त्या दिवशी बाकांवर पन्नास हजार माणसे होती.

परंतु या कहाणीचे काव्य करण्याच्या भरात हे विसरता कामा नये की नगराचे प्रेम हे स्वतः कवच ठरत नाही. लीगच्या बाल्यावस्थेत कँटन, रॉक आयलंड, डुलुथ, पॉट्सव्हिल, पोर्ट्समथ अशी कितीतरी लहान नगरे तिच्यात होती. तेथेही लोक खेळावर प्रेम करीतच होते. डिकेटरचा संघ १९२१ मध्ये शिकागोला गेला, पोर्ट्समथचा १९३४ मध्ये डेट्रॉइटला. त्या पिढीतील लहान नगरांपैकी शिल्लक राहिले ते एकटे ग्रीन बे. आणि तेही १९५६ मध्ये जाण्याच्या बेतात होते. तेथील जुने लाकडी मैदान एका शाळेशेजारी होते, पाहुण्या संघांना ते पसंत नव्हते, आणि संघाने आपले सगळे सामने मिलवॉकी या मोठ्या शहरात न्यावेत असा अन्य मालकांचा लकडा होता. नवे मैदान बांधण्यासाठी कर्जरोखे काढावेत की नाही यावर नगरात मतदान ठरले. त्याच्या प्रचारसभेत भाषण करावयास कोण आले असेल, तर शिकागो बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलास, म्हणजे पॅकर्सचा पिढीजात वैरी. दोनास एक अशा मताधिक्याने ठराव संमत झाला. हॅलास यांना उदार म्हणावे की धूर्त, याविषयी मला निश्चित सांगता येणार नाही. पण वैरी नाहीसा झाला तर आपल्या मैदानाचे दारही ओस पडेल, हे त्या वृद्ध व्यापाऱ्याला पक्के ठाऊक होते, यात संशय नाही.

ज्या नगरांना अशी घटना नव्हती त्यांचे काय झाले, हे बॉल्टिमोरला विचारावे. २८ मार्च १९८४ च्या रात्री, संघ सक्तीने ताब्यात घेण्याचा अधिकार नगराला देणारे विधेयक मेरीलँडच्या विधिमंडळात पुढे सरकते आहे हे पाहून, ‘कोल्ट्स’ संघाचे मालक रॉबर्ट अर्से यांनी घरसामान वाहणाऱ्या कंपनीचे ट्रक मागविले. रातोरात गणवेश, शिरस्त्राणे, दप्तरे सगळे भरले गेले आणि पहाटेपर्यंत संघ इंडियानापोलिसच्या वाटेला लागला. मागे राहिला तो संघाचा वाद्यवृंद. ज्यांच्यासाठी वाजवायचे ते निघून गेल्यावरही हा वृंद १२ वर्षे जुन्या संघाच्या नावाने वाजवीत राहिला.

आणि मग बॉल्टिमोरने काय केले? क्लीव्हलँडचा संघ उचलला. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘ब्राउन्स’चे मालक आर्ट मॉडेल यांनी स्थलांतर जाहीर केले, नव्या मैदानाचे आणि बिनभाड्याच्या वापराचे आमिष बॉल्टिमोरकडून होते. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडच्या मतदारांनी, जुन्या मैदानाच्या दुरुस्तीसाठी मद्य-तंबाखूवरील कर चालू ठेवण्याचा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर केला. संघ गेला तो गेलाच. मात्र नगराने न्यायालयात धाव घेऊन जो तह पदरात पाडून घेतला, त्याने संघाचे नाव, रंग आणि आजवरच्या विक्रमांचा इतिहास नगराकडेच ठेवला, आणि १९९९ मध्ये त्या नावाने नवा संघ उभा राहिला. इतिहास हा मालकाबरोबर ट्रकमध्ये भरून नेण्याचा जिन्नस नाही, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत मान्य झाल्याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

ग्रीन बे टिकले त्याचे दुसरे, आणि कदाचित अधिक बळकट, कारण खजिन्यात आहे. १९६० पर्यंत प्रत्येक संघ आपल्या सामन्यांचे दूरचित्रवाणी-हक्क स्वतंत्रपणे विकी. साहजिकच न्यूयॉर्कला घबाड मिळे आणि ग्रीन बेला चिल्लर. लीगचे तरुण आयुक्त पीट रॉझेल यांनी सगळ्यांचे हक्क एकत्र विकून उत्पन्न समसमान वाटण्याची कल्पना मांडली, आणि ज्यांचे सर्वाधिक नुकसान होणार होते त्या न्यूयॉर्क जायंट्सच्या मारा बंधूंनीच तिला मान्यता दिली. न्यायालयाने या एकत्र विक्रीस मक्तेदारी ठरवून मनाई केली, तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसकडून खास कायदा करून घेण्यात आला. त्यावर राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची स्वाक्षरी ३० सप्टेंबर १९६१ ची आहे. १९६२ च्या पहिल्या करारात वर्षाला ४६.५ लाख डॉलर मिळाले आणि ते १४ संघांत सारखे वाटले गेले. आज राष्ट्रीय उत्पन्नातील एका संघाचा वाटा ४० कोटी डॉलरच्या पुढे गेला आहे, आणि तो ग्रीन बेला जेवढा मिळतो तेवढाच लॉस एंजेलिसला मिळतो. लहान नगराला कोणी भीक घातली असा याचा अर्थ नाही. अनिश्चित निकाल हाच या व्यापाराचा मूळ माल आहे. एकाच शहराने सदासर्वदा जिंकणे म्हणजे दुकानाला कुलूप.

मग इतर संघ का हलतात? कारण या सामायिक खजिन्याला एक भोक आहे. मैदानातील आलिशान कक्षांचे भाडे, जाहिराती, वाहनतळ यांचे उत्पन्न मालकाच्या पदरी राहते, म्हणून नवे आणि फुकटचे मैदान देणाऱ्या शहराकडे त्याचे लक्ष लागलेले असते. ओकलंडचा ‘रेडर्स’ २०२० मध्ये लास व्हेगासला गेला तो नेवाडाने हॉटेलांवरील करातून ७५ कोटी डॉलर देऊ केल्यावर. अशा देणग्यांनी नगराची भरभराट होत नाही, लोक तोच पैसा एरवी सिनेमावर किंवा जेवणावर खर्चतात, असे बहुतेक अर्थशास्त्रज्ञ परोपरीने सांगत आले आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पटते. ग्रीन बेही या बाबतीत सर्वस्वी सोवळे नाही. २००० साली, हे नगर ज्यात येते त्या ब्राउन काउंटीच्या मतदारांनी मैदानाच्या नूतनीकरणासाठी विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ काठावरच्या बहुमताने स्वीकारली. भेद इतकाच की ती मागणी करणाराच्या हातात ‘नाही तर आम्ही निघालो’ ही तलवार नव्हती, आणि २०१५ मध्ये तो कर ठरल्याप्रमाणे बंद झाला.

विलक्षण गोष्ट अशी की ग्रीन बेचे अनुकरण करण्याची इतर नगरांना बंदी आहे. विना-नफा सार्वजनिक मंडळाने संघाची मालकी घेऊ नये, असा लीगचा नियम आहे. पॅकर्सची वहिवाट जुनी म्हणून तेवढी चालू ठेवली आहे. जो संघ लीगच्या प्रत्येक समारंभात भूषण म्हणून मिरविला जातो, ज्याच्या प्रशिक्षकाचे नाव अजिंक्यपदाच्या चषकाला दिलेले आहे, ज्याच्या नगरात २०२५ च्या एप्रिलमध्ये खेळाडू-निवडीचा सोहळा थाटाने भरविला गेला, त्याच्याच घटनेला बाकीच्या ३१ ठिकाणी मज्जाव असावा, यातील विसंगती मालकवर्गाला खुपत नसेल असे नाही. पण ती त्यांना परवडते.

त्यामुळे अन्य नगरांना विधिमंडळाचा आश्रय घ्यावा लागतो. क्लीव्हलँडच्या अनुभवानंतर १९९६ मध्ये ओहायो राज्याने एक कायदा केला: करदात्यांच्या पैशावर पोसलेले मैदान वापरणाऱ्या संघाला हलायचे असेल तर नगराची संमती घ्यावी, नाही तर सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी आणि त्या मुदतीत स्थानिक लोकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. मॉडेल यांच्याच नावाने तो ओळखला जातो. कोलंबस शहराचा संघ, हा मात्र आपल्या परिचयाचा पायाने खेळण्याचा फुटबॉल, टेक्ससला नेण्याचा घाट घातला गेला तेव्हा २०१८ मध्ये याच कायद्याच्या आधारे दावा दाखल झाला, लोकांनी मोहीम उभारली, नवे मालक पुढे आले आणि संघ राहिला. या नव्या मालकांत जे कुटुंब प्रमुख होते, त्याच कुटुंबाकडे क्लीव्हलँडच्या ब्राउन्सचीही मालकी आहे. पुढे त्यांना ब्राउन्सचे मैदान नगराच्या हद्दीबाहेर, ब्रुक पार्क या उपनगरात हलवायचे ठरले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ओहायोच्या विधिमंडळाने या कायद्याला दुरुस्ती जोडली, की यापुढे तो राज्याबाहेर जाणाऱ्या संघांनाच लागू राहील.